वाट कुणासाठी बांधायची? श्रीलंकेतील वाहतूक, व्यापार आणि पर्यटनाविषयी

२०२२ च्या जून महिन्याच्या अखेरीस श्रीलंकेच्या सरकारने जाहीर केले की, पुढचे सुमारे दोन आठवडे पेट्रोल आणि डिझेल केवळ अत्यावश्यक सेवांनाच मिळेल. बाकीच्यांनी शक्यतो घरी थांबावे, घरूनच काम करावे. त्यानंतर काही आठवड्यांत क्यूआर कोड दाखवून इंधन घेण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा तीनचाकी रिक्षाच्या वाट्याला आठवड्याला ५ लिटर पेट्रोल आले. ज्याचे पोट रिक्षावर आहे, त्याच्यासाठी ५ लिटर म्हणजे फार तर दीड-दोन दिवसांचा धंदा. श्रीलंकेत अशा रिक्षांची नोंदणी १० लाखांच्या वर आहे आणि त्यांतल्या बहुतेक बजाजच्या, म्हणजे आपल्याकडे तयार होऊन जहाजाने तिकडे गेलेल्या आहेत. पर्यटकाला स्थानकावरून हॉटेलात नेणारी रिक्षा तीच, बाजारात भाजीची पोती पोचवणारी तीच आणि मुलांना शाळेत सोडणारीही तीच. ती उभी राहिली की एकाच वेळी तिन्ही गोष्टी थांबतात.

त्या दिवसांत मी तिथल्या बातम्या रोज वाचत होतो, कारण विकसनशील देशाच्या अर्थव्यवस्थेत वाहतूक, व्यापार आणि पर्यटन एकमेकांत किती गुंतलेले असतात, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते. सरकारी कारभारात या तिघांची खाती वेगळी, मंत्री वेगळे, अंदाजपत्रकातली पाने वेगळी असतात. डॉलरचा हिशेब मात्र एकच असतो. तेल डॉलरने घ्यावे लागते, डॉलर निर्यातीतून किंवा पाहुण्यांकडून यावे लागतात आणि निर्यातीचा माल काय किंवा पाहुणा काय, दोघांनाही तेलाशिवाय हलता येत नाही.

२०१८ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी श्रीलंकेने सुमारे २२ अब्ज डॉलरच्या मालाची आयात केली आणि सुमारे १२ अब्ज डॉलरच्या मालाची निर्यात केली. मधल्या १० अब्जांची खिंड दोघांनी लढवली. आखातात आणि इतरत्र काम करणाऱ्या श्रीलंकन माणसांनी घरी पाठवलेले सुमारे ७ अब्ज डॉलर आणि पर्यटकांनी आणलेले सुमारे ४.४ अब्ज डॉलर. परदेशी कर्जांवरच्या व्याजाचा बोजा वेगळाच होता आणि तो बऱ्याच अंशी नव्या कर्जातून भागत होता. त्या वर्षी २३ लाखांहून अधिक पर्यटक आले होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली आणि पर्यटकांचा आकडा १९ लाखांवर आला. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तो ५ लाखांवर घसरला आणि २०२१ मध्ये २ लाखांचा टप्पाही गाठू शकला नाही.

केवळ पर्यटन आटले म्हणून देश बुडाला, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०१९ च्या अखेरीस केलेली मोठी करकपात, रुपयाचा दर डॉलरला २०० च्या आसपास धरून ठेवण्याचा अट्टहास आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात घातलेली बंदी, हे निर्णय देशातच घेतले गेले होते. खतबंदीने भाताबरोबर चहाचेही उत्पादन घटले, म्हणजे डॉलर आणणाऱ्या हक्काच्या पिकालाच खीळ बसली. ती बंदी काही महिन्यांत मागे घ्यावी लागली, पण गेलेला हंगाम परत आला नाही. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्जांची परतफेड थांबवली. मे महिन्याच्या सुरुवातीला वापरण्याजोगी परकीय गंगाजळी ५ कोटी डॉलरच्याही खाली गेल्याचे खुद्द अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले. २ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाकडे धड एका जहाजभर तेलापुरतेही पैसे उरले नव्हते. त्याआधी इराणकडून घेतलेल्या तेलाचे सुमारे २५ कोटी डॉलर थकले होते, ते दरमहा ५० लाख डॉलरच्या चहाने फेडण्याचे २०२१ च्या डिसेंबरात ठरले. टँकरमधून आलेल्या तेलाची किंमत डोंगरातल्या मळ्यांवर पाने खुडणाऱ्या बायांच्या हातांनी फिटणार होती. वाहतूक आणि व्यापार यांचे नाते इतक्या थेट शब्दांत मांडणारा दुसरा करार मला तरी ठाऊक नाही.

एवढे मांडल्यावर मला खरे जे म्हणायचे आहे, त्याकडे येतो. विकसनशील देशात रस्ता, रेल्वे, बंदर किंवा विमानतळ बांधताना ‘हे बांधले की माणसे आणि माल आपोआप येतील’ असे गृहीत धरले जाते. श्रीलंकेचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव पाहिला तर ज्या वाटेला किमान दोन वेगवेगळी गिऱ्हाइके मिळाली, ती वाट टिकली. एक गिऱ्हाईक गेले तरी दुसऱ्याने ती तगवली. ज्या वाटेचे एकमेव गिऱ्हाईक नकाशावरच्या भविष्यात होते, ती वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि तिच्या कर्जाचे हप्ते भरलेल्या वाटांच्या कमाईतून गेले.

डोंगरातली रेल्वे हे पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण आहे. ती मुळात पर्यटकांसाठी नव्हती, चहासाठीही नव्हती. ती कॉफीसाठी होती. कँडीच्या परिसरातल्या मळ्यांमधून कॉफी बैलगाड्यांनी कोलंबोला उतरवावी लागे. पावसाळ्यात गाड्या अडकत, माल भिजे आणि बंदरात उभ्या जहाजाची वेळ चुके. मळेवाल्यांनी रेल्वेसाठी लकडा लावला आणि १८६४ मध्ये कोलंबोहून अंबेपुस्सापर्यंत पहिली गाडी धावली. १८६७ मध्ये रूळ कँडीला पोचले. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्याने कॉफीचा धंदा जवळपास पुसून टाकला. ज्या मालासाठी एवढे बोगदे खोदले, तोच माल संपला. तोवर मळ्यांमध्ये चहा रुजू लागला होता. रेल्वे त्याच्या मागे आणखी वर चढत गेली. १८८५ मध्ये नानू ओया, १८९४ मध्ये बंडारवेला आणि अखेर १९२४ मध्ये बदुल्ला. वाटेत पट्टिपोला स्थानक सुमारे १,८९० मीटर उंचीवर आहे आणि आपल्याकडच्या ब्रॉडगेजच्याच रुंदीचे रूळ तिथवर नेलेले आहेत. अरुंद रुळांवर भागवले असते तर खर्च वाचला असता, पण मग डोंगर आणि बंदर यांच्यामध्ये कुठेतरी माल उतरवून पुन्हा भरावा लागला असता.

पुढे चहा हळूहळू लॉऱ्यांवर गेला. आज श्रीलंकेत रेल्वेने जाणारा माल एकूण मालवाहतुकीच्या मानाने फारच थोडा आहे. रेल्वेने आपले मूळ गिऱ्हाईक दुसऱ्यांदा गमावले. पण तोवर त्या मार्गावर शाळा, बाजार, कचेऱ्या आणि दवाखाने यांच्यासाठी रोज ये-जा करणारी वस्ती उभी राहिली होती. देशातले यादवी युद्ध २००९ मध्ये संपल्यानंतर पर्यटक वाढले आणि कँडी ते एल्ला हा प्रवास जगभर प्रसिद्ध झाला. डेमोदराजवळचा नऊ कमानींचा पूल पाहायला लोक तास न् तास थांबतात. मुद्दाम पर्यटनासाठी म्हणून ही रेल्वे बांधायची ठरवली असती, तर कुठल्याही बँकेने तिला कर्ज दिले नसते.

या गाडीतून जाताना मी नानू ओयाच्या पुढे बराच वेळ तिसऱ्या वर्गाच्या दारापाशी उभा होतो. डब्यात दप्तरे घेतलेली शाळकरी मुले, पोती आणि पिशव्या सांभाळणाऱ्या बाया आणि दाराच्या दांडीला धरून बाहेर झुकलेले, एकमेकांचे फोटो काढणारे परदेशी तरुण, असे सगळे दाटीवाटीने उभे होते. एका लहानशा स्थानकावर गाडीचा वेग कमी झाला आणि फलाटाच्या कडेला उभ्या असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याने हात लांब करून वेताच्या कड्यासारखी एक मोठी गोल कडी इंजिनातल्या माणसाकडे दिली आणि त्याच्याकडची दुसरी काढून घेतली. त्या कडीला अडकवलेल्या चामडी पिशवीत धातूची एक चकती असते. ती चकती हाती असल्याशिवाय चालकाला पुढच्या एकेरी मार्गावर जाता येत नाही आणि दोन स्थानकांच्या मध्ये ती एका वेळी एकाच गाडीला मिळते. शंभराहून अधिक वर्षे जुनी ही पद्धत डोंगरी मार्गावर अपघात टाळत आली आहे.

पर्यटनाच्या दृष्टीने त्या कडीचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. एकेरी रूळ, तीव्र चढ, तीक्ष्ण वळणे आणि दोन स्थानकांत एकच गाडी, या मर्यादांमुळे मागणी दुप्पट झाली म्हणून गाड्या दुप्पट करता येत नाहीत. जागा तितक्याच राहतात आणि दोन गिऱ्हाइकांत ओढाताण सुरू होते. आरक्षण महिनाभर आधी उघडताच काही मिनिटांत संपते, तिकिटांचा काळाबाजार होतो, आणि आजारी आईला कँडीच्या इस्पितळात नेणाऱ्या माणसाला आपल्याच देशातल्या गाडीत बसायला जागा मिळत नाही. मला यात पर्यटकाचा दोष दिसत नाही. दोष आहे तो पर्यटकाकडून येणारी जादा रक्कम त्याच मार्गावर परत न लावण्यात. राखीव डब्यांचे भाडे परदेशी पाहुण्यासाठी आणखी वाढवता येईल, तो ते आनंदाने देईल, पण त्या पैशांतून गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील अशी आणखी चार ठिकाणे तयार झाली पाहिजेत आणि बिनआरक्षित डबे कमी न होता वाढले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट या खिडकीतून दिसते आणि तिच्याकडे पाठ फिरवून चालत नाही. ज्या हिरव्यागार उतारांचे फोटो जगभर जातात, ते उतार दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांनी घडवले. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून ते जंगलातून पायी डोंगरात गेले आणि वाटेत किती मेले, याची नीट गणतीही झाली नाही. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षीच्या कायद्याने त्यांच्यातल्या बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारले आणि तो प्रश्न सुटायला पुढची कित्येक दशके गेली. त्यांची आजची पिढी अजूनही बरीचशी मळ्यांवरच्या चाळवजा ‘लाइन’ घरांतच राहते. पर्यटनाचा पैसा स्थानिकांपर्यंत पोचतो, असे म्हणताना त्या स्थानिकांत यांची गणना होते का, हे तपासून पाहायला हवे.

दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल बंदराची गोष्ट डोंगराच्या अगदी उलट आहे. तिथे व्यापार निघून गेल्यामुळे पर्यटन आले. एकोणिसाव्या शतकात बराच काळ युरोप आणि पूर्वेकडच्या देशांमध्ये ये-जा करणारी जहाजे गॉललाच थांबत. १८७५ मध्ये कोलंबोला लाटा अडवणाऱ्या मोठ्या बांधाचे काम सुरू झाले, दहाएक वर्षांत ते पुरे झाले, कोलंबोला सुरक्षित बंदर मिळाले आणि गॉलची जहाजे तिकडे वळली. व्यापार गेल्यामुळे डच किल्ल्याच्या आतली घरे पाडून गोदामे बांधण्याची कुणाला गरज उरली नाही. किल्ला तसाच राहिला आणि १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तरीही कोलंबोहून गॉलला जाणे हा जुन्या किनारी रस्त्याने सुमारे तीन तासांचा कंटाळवाणा प्रवास होता. २०११ च्या नोव्हेंबरात दक्षिण द्रुतगती मार्ग गॉलपर्यंत खुला झाला आणि तेच अंतर सुमारे एका तासावर आले. देशातला हा पहिला द्रुतगती मार्ग. त्याची आखणी झाली ती जिथे आधीपासून दाट वस्ती, मासळीचा धंदा, दालचिनीच्या बागा आणि किनाऱ्यावरची हॉटेले होती, अशा पट्ट्यात. टोल भरणाऱ्यांत पर्यटकांच्या व्हॅन असतात तशी दक्षिणेतून राजधानीला जाणारी नोकरदार माणसेही असतात.

हाच मार्ग पुढे वाढवत २०२० मध्ये हंबनटोटापर्यंत नेला गेला आणि तिथे दुसऱ्या प्रकारच्या वाटा सुरू होतात. हंबनटोटा हा विरळ वस्तीचा, कोरडा जिल्हा. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचा तो गृहजिल्हा होता, हे सर्वज्ञात आहे. २०१० मध्ये तिथे बंदर सुरू झाले आणि २०१३ च्या मार्चमध्ये जवळच मत्तला येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडला. विमानतळाला सुमारे २० कोटी डॉलर लागले, त्यांपैकी बहुतेक रक्कम चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जाची. साडेतीन किलोमीटरची धावपट्टी, वर्षाला १० लाख प्रवाशांची क्षमता आणि भोवती हत्ती आणि पक्ष्यांचे रान. विमान कंपन्या आल्या आणि भारमान मिळेना म्हणून एकेक करून निघून गेल्या. एके काळी तिथल्या मालगोदामांत भात साठवण्याची वेळ आली. हत्ती पाहायला येणारा पर्यटक जवळच्या ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात जातोच, पण तो आधी कोलंबोला उतरतो, कँडी पाहतो, डोंगरातून खाली येतो आणि किनाऱ्याने परततो. त्याच्या फेरीची सुरुवात मत्तलाहून होत नाही. आणि त्या जिल्ह्यात विमानाने पाठवावा असा माल नव्हता.

त्याच काळात कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर काय चालले होते, हे पाहिले की मन विषण्ण होते. वर्षाला ६० लाख प्रवाशांसाठी आखलेल्या त्या इमारतीतून २०१८ मध्ये १ कोटीहून अधिक प्रवासी गेले. दुसऱ्या टर्मिनलचे काम जपानच्या कर्जातून २०२० मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये देशाने परतफेड थांबवताच तेही थांबले. म्हणजे जिथे प्रवासी नव्हते तिथे विमानतळ तयार होता आणि जिथे रांगा होत्या तिथे पाया अर्धवट पडून राहिला. कोलंबो शहरातल्या हलक्या रेल्वेचा प्रकल्पही जपानच्याच सवलतीच्या कर्जातून व्हायचा होता, तो सरकारने २०२० मध्ये रद्द केला. ऑफिसच्या वेळेत मालाबेच्या उपनगरातून कोलंबोत येताना बसमध्ये घामाघूम उभ्या राहिलेल्या माणसांसाठी तो प्रकल्प होता.

हंबनटोटा बंदराबद्दल मात्र एक गैरसमज इतका रूढ झाला आहे की तो दूर करणे मला आवश्यक वाटते. ‘कर्ज फेडता आले नाही म्हणून चीनने बंदर घेतले’ असे सर्रास सांगितले जाते. २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेले आणि त्यापोटी सुमारे १.१२ अब्ज डॉलर मिळाले, हे खरे. पण बंदराची कर्जे त्यामुळे माफ झाली नाहीत, ती श्रीलंकेच्या सरकारकडेच राहिली. आलेले डॉलर गंगाजळीत गेले, कारण त्या वेळी इतर देणी भागवायला डॉलर हवे होते. शिवाय त्या बंदराला उशिरा का होईना एक गिऱ्हाईक सापडले आहे. वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांतून आलेल्या मोटारी तिथे उतरवून दुसऱ्या जहाजांवर चढवल्या जातात. मत्तलाला असे कुणी मिळाले नाही.

कोलंबो बंदराचा विषय मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण दोन गिऱ्हाइकांचे तत्त्व तिथे सर्वांत स्पष्ट दिसते आणि सर्वांत कमी बोलले जाते. आशिया आणि युरोप यांच्यामधला मुख्य सागरी मार्ग श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळून जातो. मोठ्या जहाजाला त्या मार्गावरून कोलंबोला येण्यासाठी फारशी वाट वाकडी करावी लागत नाही. भारत आणि बांगलादेशच्या बंदरांतून लहान जहाजे कंटेनर आणतात, ते धक्क्यावर उतरतात, यार्डात दोन-चार दिवस रचून ठेवले जातात आणि मोठ्या जहाजावर चढून निघून जातात. त्या पेटीत काय आहे, याच्याशी श्रीलंकेला देणेघेणे नसते. वर्षाला २० फुटी मापाने मोजलेले ७० लाखांहून अधिक कंटेनर कोलंबोत हाताळले जातात आणि त्यांतले सुमारे चार पंचमांश असे केवळ जहाज बदलणारे असतात. त्यातून बंदराला हाताळणीचे पैसे मिळतात, पण माझ्या मते तो फायदा दुय्यम आहे.

मुख्य फायदा असा. श्रीलंकेचा स्वतःचा माल इतका थोडा आहे की केवळ त्याच्यासाठी एखादे महाकाय जहाज दर आठवड्याला कोलंबोला थांबले नसते. परक्यांच्या पेट्यांसाठी ते थांबते, आणि त्याच जहाजावर कटुनायके किंवा बियागामाच्या औद्योगिक क्षेत्रात शिवलेले कपडे चढतात. तयार कपडे ही देशाची सर्वांत मोठी निर्यात. वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलरची, आणि शिवणयंत्रावर बसणाऱ्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया. युरोपातल्या खरेदीदाराला कपडा ठरलेल्या आठवड्यात दुकानात हवा असतो. जहाज दर आठवड्याला सुटते म्हणून तो कोलंबोकडे मागणी नोंदवतो. विमानाचेही तेच. पर्यटक घेऊन येणाऱ्या विमानाच्या पोटात परतीच्या वाटेवर ताजी टूना मासळी, भाजी आणि फुले जातात. आसनांचे पैसे पर्यटकाने दिलेले असतात, म्हणून मासळीचे भाडे परवडते. साथीच्या काळात विमाने थांबली तेव्हा हॉटेलवाल्याइतकाच मासळीचा निर्यातदारही अडचणीत आला तो त्यामुळेच.

एवढ्या गर्दीच्या सागरी मार्गाची किंमतही मोजावी लागते. २०२१ च्या मे महिन्यात ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला कोलंबोच्या बाहेर आग लागली. त्यावर १,४८६ कंटेनर होते, त्यांत नायट्रिक आम्लाचा आणि प्लास्टिकच्या बारीक मण्यांचा मोठा साठा होता. एका कंटेनरमधून आम्ल गळत असल्याचे आधीच लक्षात आले होते, पण तो उतरवून घेण्यास कतारच्या हमाद आणि गुजरातच्या हजिरा बंदरांत नकार मिळाला होता. जहाज बुडाले, प्लास्टिकचे मणी लाटांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर पसरले, मासेमारी बंद ठेवावी लागली आणि मेलेली कासवे वाळूवर येऊ लागली. ज्या किनाऱ्यावर पर्यटक येतात आणि कोळी जाळी ओढतात, तोच किनारा मालवाहतुकीच्या अपघाताने नासला. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये जहाज चालवणाऱ्यांनी १ अब्ज डॉलर भरपाई द्यावी, असा आदेश दिला. ती रक्कम प्रत्यक्ष कोळ्यांच्या हाती पडली पाहिजे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तरेकडच्या वाटा या सगळ्यात मागे पडल्या. एके काळी धनुष्कोडीहून तलैमन्नारला आगबोट जाई आणि दोन्ही बाजूंच्या रेल्वेला जोडून चेन्नई ते कोलंबो असा सलग प्रवास एका तिकिटावर होई. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि पुढे युद्धाने उरलीसुरली ये-जा बंद पाडली. जाफनाची रेल्वे १९९० मध्ये तुटली, ती भारताच्या कर्जातून आणि भारतीय कंपनीच्या कामातून २०१४ मध्ये पुन्हा जोडली गेली. तमिळनाडूतले नागपट्टिणम ते जाफनाजवळचे कांकेसंतुरै ही प्रवासी बोट २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, काही दिवसांत थांबली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आज श्रीलंकेत सर्वाधिक पर्यटक भारतातून येतात, २०२४ मध्ये ते ४ लाखांहून अधिक होते. जाफनाच्या दुकानदाराला तमिळनाडूचा बाजार कोलंबोपेक्षा जवळ आहे. या बोटीवर प्रवाशांच्या जोडीने थोडा माल नेण्याची नीट सोय झाली, तर तिला दोन्ही गिऱ्हाइके मिळतील. केवळ प्रवाशांच्या भरवशावर ती पावसाळ्यात पुन्हा पुन्हा बंद पडत राहील, अशी मला भीती वाटते.

२०२३ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर केले. पर्यटकांची संख्या २०२४ मध्ये २० लाखांच्या पुढे गेली. २०२० च्या मार्चपासून बंद असलेली खासगी मोटारींची आयात २०२५ च्या फेब्रुवारीत खुली झाली. पाच वर्षे केवळ जुन्या गाड्यांवर पर्यटकांचा धंदा रेटणाऱ्या चालकांना त्याची नितांत गरज होती, पण प्रत्येक मोटार म्हणजे पुन्हा बाहेर जाणारे डॉलर, आणि त्या मोटारींना लागणारे तेल वेगळे.

याच सुमारास, २०२५ च्या मेमध्ये, केरळमधल्या विळिंजम बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले. नैसर्गिक खोल पाणी, मुख्य सागरी मार्गाशी जवळीक आणि मागे भारताची स्वतःची बाजारपेठ, असे सगळे काही तिथे आहे. भारतीय पेट्या भारतातच जहाज बदलू लागल्या तर भारताच्या दृष्टीने ते योग्यच आहे आणि एक भारतीय म्हणून मला त्याचे समाधान आहे. कोलंबोसमोर मात्र यातून जो प्रश्न उभा राहतो, तो हाताळणीच्या घटत्या कमाईपुरता नाही. परक्यांच्या पेट्या कमी झाल्या आणि मोठ्या जहाजांनी आठवड्याऐवजी पंधरवड्याने थांबायला सुरुवात केली, तर बियागामाच्या शिवणशाळेतला माल आठवडाभर गोदामात पडून राहील आणि खरेदीदार पुढची मागणी दुसऱ्या देशाकडे नोंदवेल. म्हणून कोलंबोने आपली खोली, क्रेन आणि हाताळणीचा वेग यांवर आता केलेला खर्च हा त्या शिवणयंत्रांवरच केलेला खर्च आहे, असे मी मानतो. भारतीय सहभागाने उभारलेले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेले पश्चिम कंटेनर टर्मिनल त्याच दिशेने टाकलेले पाऊल आहे. त्यानंतर लगेच हाती घ्यायचे काम कुठले, असे कुणी विचारले, तर मी कटुनायकेच्या अर्धवट राहिलेल्या टर्मिनलचे नाव घेईन.